नॅनो म्हणजे नुसती पावडर नव्हे

यंदाही फायनल इयरच्या प्रोजेक्ट्सची यादी लागली. त्यात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द आला हे सांगायला नकोच. टाटांची नॅनो बंद पडून काही वर्षं झाली, आपली मात्र अजून जोरात चालू आहे! माझं सरळ म्हणणं असं, की यातली बरीच प्रोजेक्ट्स नॅनो नसतातच. आमचंही नव्हतं.

आम्ही काय केलं? हेल्मेटच्या काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिनमध्ये २ टक्के झिरकोनिया घातला. पाकिटावर २० नॅनोमीटर छापलेलं होतं. भरपूर ढवळलं, सोनिकेटरमध्ये ठेवलं आणि बीकरमध्ये झालं चक्क ताक! दुसऱ्या दिवशी तळाला पांढरा साका. मग काचपट्टीवर अगदी पातळ थर दिला, खाली छापील कागद ठेवला, अक्षरं दिसतायत असा फोटो काढला आणि रिपोर्टात ‘पारदर्शक’ लिहून मोकळे झालो. व्हायवात बाटली कोणी मागितलीच नाही. मार्क चांगले पडले, हेच जास्त खटकतं.

मी सवचा. महाडजवळ सावित्रीकाठचं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं होतं आणि रात्रभर हंड्यात ठेवलं तरी पुरतं निवळत नाही. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ठेवतात. आजी त्यात तुरटी फिरवायची. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे तो भार मरतो, कण एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. आपल्याला रेझिनमध्ये नेमकं उलटं हवं असतं. कण तरंगते राहायला हवेत, आणि वर गढूळपणा नको. पण रेझिनमध्ये भाराचा खेळ फारसा चालत नाही, तिथे कणाला कोटच चढवावा लागतो. रवा तुपात नीट परतला की उपम्यात गुठळ्या होत नाहीत, तसंच काहीसं.

हा कोट म्हणजे बहुतेक वेळा सिलेन. त्याचं एक टोक कणाला धरतं, दुसरं रेझिनशी जमवून घेतं. ही काही कालची गोष्ट नाही. अमेरिकेत राफाएल बोवेन यांनी दातांच्या फिलिंगसाठी सिलेन लावलेली सिलिका रेझिनमध्ये घातली, त्याचं पेटंट १९६२ चं आहे. आपल्या दाढेत पांढरं फिलिंग असेल तर हे प्रोजेक्ट आपण तोंडात घेऊनच फिरतोय.

आता आमची चूक. मोठ्या कणांच्या फिलरसाठी दिलेलं १ टक्का सिलेन आम्ही डोळे झाकून घेतलं. नंतर हिशेब केला. २० नॅनोमीटरचे कण धरले तर १ ग्रॅम झिरकोनियाचा पृष्ठभाग साधारण ५० चौरस मीटर भरतो, म्हणजे एका छोट्या फ्लॅटएवढा! तो झाकायला ५ टक्क्यांच्या आसपास सिलेन लागलं असतं. आम्ही फ्लॅटची एकच भिंत रंगवली. शिवाय झिरकोनियाशी सिलेनची दोस्ती सिलिकाइतकी पक्की नसते. डेंटिस्ट झिरकोनियाच्या कॅपसाठी फॉस्फेटवाले रेणू वापरतात ते त्यामुळेच. आणि सुकलेल्या पावडरीतले कण आधीच एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, सोनिकेटर तरी किती सोडवणार? २० चे कण जुळून १०० नॅनोमीटरची गुठळी झाली, की तेवढ्याच मालातून विखुरणारा प्रकाश सुमारे १२५ पट होतो. ताक दिसणार नाही तर काय!

म्हणून माझं मत, पावडर विकत आणून ढवळण्याला नॅनोकॉम्पोझिट म्हणणं बंद करूया. कण द्रवात ओले असतानाच कोट चढवावा, न सुकवता रेझिनमध्ये न्यावा. वेळ लागतो, मान्य. एका सेमिस्टरमध्ये कदाचित तेवढंच होईल. मग तेवढ्याचंच प्रोजेक्ट का नको? ओरखड्यांची टेस्ट पुढच्या बॅचने करावी. सीनियरचं अर्धं काम ज्युनियरने पूर्ण करायची पद्धत आपल्याकडे का नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

जाता जाता एक. जादा सिलेन धुऊन काढायला टोल्युइन वापरलंत, तर ते बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा. नदीकाठी राहणाऱ्याला हे जरा जास्त लागतं.

आणि परीक्षकांना विनंती, एसईएमचे फोटो नंतर बघा, आधी बाटली मागा. पहिल्या दिवसाचा आणि ३० व्या दिवसाचा फोटो, मागे वर्तमानपत्र ठेवून. गढूळ निघाली तर का निघाली हे मुलांना विचारा आणि त्या उत्तराला मार्क द्या. आमची बाटली अजून माझ्याकडे आहे. वर पाण्यासारखं रेझिन, खाली बोटभर पांढरं. कोणाला बघायची असेल तर घेऊन येईन.