मेरिटची मोजणी कोणत्या वयापासून?

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : "बाकी काही म्हणा, मेरिट ते मेरिटच." अलिबागमध्येही चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत आम्ही ते ऐकले आहे. आमचा प्रश्न एवढाच, की हे मेरिट तुम्ही मोजायला घेता कोणत्या वयापासून?

आधी आमचीच चूक सांगतो. तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर आम्ही संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेत होतो. तिसरीतला एक मुलगा अक्षरे ओळखायचा, पण जोडून वाचताना अडायचा. कुणाचा आवाज चढला की भिंतीला चिकटून बसायचा. "याच्या डोक्यात काही शिरत नाही," असे आमच्यातलाच एकजण म्हणाला आणि आम्ही कुणी त्याला अडवले नाही. समाजशास्त्रात एम.ए. करूनही! पुढे त्याच्या आईशी बोलणे झाले. पहिली पाच वर्षे दिवाळी झाली की पावसाळा तोंडावर येईपर्यंत तो वीटभट्टीवर. आई पहाटेपासून विटा थापणार, हा बहिणीच्या कडेवर आणि बहीण सात वर्षांची. त्याच्याशी दिवसभर बोलणार कोण?

दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ८० टक्के झालेला असतो. या काळात लोह, प्रथिने कमी पडली, सतत धास्ती राहिली, तर फटका नुसत्या वजनाला बसत नाही. लक्ष लागणे, लक्षात राहणे, भीती आवरणे या सगळ्याला बसतो. जमैकात किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. काहींना दुधाचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्याला तासभर आरोग्यसेविका जायची, घरीच बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळायचे ते आईला दाखवायची. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. दोन वर्षे हे चालले. मुले सतरा-अठरा वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांचे वाचन आणि बुद्धीच्या चाचण्या सरस होत्या, चिंता आणि नैराश्य कमी होते. नुसत्या आहाराचा फायदा मात्र टिकला नव्हता. यातून अंगणवाडीची खिचडी बंद करा असा अर्थ कुणी काढू नये. उपाशी मूल खेळत नाही.

बाबासाहेबांना हे आईच्या बाजूने दिसले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. भट्टीवरच्या बाईपर्यंत ती विश्रांती अजून पोचलेली नाही. १९५० च्या संविधानातल्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुले होती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने ६ ते १४ वयाला मूलभूत हक्क मिळाला आणि सहाच्या आतली मुले 'राज्य प्रयत्न करील' या वाक्यात राहिली. म्हणजे मेंदू घडतो ती वर्षे हक्काबाहेर आणि परीक्षा मात्र सगळ्यांना एकच!

अंगणवाडी १९७५ पासून आहे. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आहार हा हक्क आहे. पण मुलाचे नाव वाडीच्या रजिस्टरात आणि मूल भट्टीवर. अंगणवाडीताईला दोष देऊन उपयोग नाही. मानधनावर ती किती ओढणार?

दोष आमच्या चळवळीलाही देतो. महाडचा सत्याग्रह याच जिल्ह्यातला, चरीचा संप याच तालुक्यातला. आम्ही १४ एप्रिलला डीजेसाठी वर्गणी काढतो आणि विहार दुपारभर कुलूपबंद ठेवतो. कातकरी 'आपले' नाहीत, असेही काहीजण हळूच म्हणतात. त्यांच्याशी आमचे भांडण आहे आणि ते राहणार.

यंदा दिवाळीआधी आम्ही वाड्यांवर यादी करतो आहोत : कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर जाणार, सोबत सहाच्या आतली मुले किती. ती यादी भट्टीजवळच्या अंगणवाडीत नेऊन द्यायची आणि आहार सुरू होईपर्यंत मागे लागायचे. माणसे कमी पडताहेत. रविवारी सकाळी मोकळे असाल तर या.