सिकलसेल : नवऱ्याचेही रक्त तपासा

गेल्या हिवाळ्यात धडगावला माझ्या दवाखान्यात सातव्या महिन्याची एक गरोदर बाई आली. भाऊ सिकलसेलने गेलेला, ती स्वतः वाहक. "डॉक्टरसाहेब, माझ्या बाळालाही होईल का?" नवरा गुजरातेत ऊसतोडीला, त्याचे रक्त कधीच तपासलेले नव्हते. मला उत्तर देता आले नाही.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. मात्र आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भातच निदान होऊ शकते. तिसऱ्या महिन्यात वारेचा कण किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासतात. गर्भलिंग सांगण्यास बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्याने ही तपासणी मात्र मान्य केली आहे. सोय मुंबईसारख्या मोठ्या शहरांत आहे. म्हणून वेळ हाताशी हवा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर गर्भपातासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते.

गर्भ ठेवायचा की नाही, हे त्या बाईने ठरवावे. डॉक्टरने वा सासरच्यांनी नव्हे. ठेवला तरी बिघडत नाही. जन्मताच निदान झाले, तर लसी, पेनिसिलिन व हायड्रॉक्सियुरियाने मूल पुष्कळ सुखात वाढते.

आम्हा डॉक्टरांचीही चूक होते. आम्ही बायकोचेच रक्त तपासून थांबतो. म्हणून सांगतो, पाळी चुकताच दोघांनी मिळून यावे. लग्नाआधीच तपासले, तर उत्तमच. ऊसतोडीला निघण्यापूर्वी एवढे कराच.