निनावी माल

सरकारी दप्तरात प्रत्येक मोटारगाडी ही एकच वस्तू असते, कारण तिचा नोंदणी क्रमांक, सांगाड्यावर ठोकलेला चॅसिस क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक हे तिन्ही ‘वाहन’ या देशव्यापी संगणकीय नोंदवहीत एकमेकांशी बांधलेले असतात आणि त्यांतला एक जरी जुळला नाही तरी गाडी विकणाऱ्याला जाब द्यावा लागतो. बाजाराच्या हिशेबात मात्र तीच गाडी म्हणजे शेकडो वस्तूंची मोट असते. बॅटरी, स्टेपनी, डिस्क, आरसे, सायलेन्सर, जॅक, ट्रॉली जोडण्याची पिन यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र भाव आहे, स्वतंत्र गिऱ्हाईक आहे आणि नाव मात्र कोणालाच नाही. गाडी चोरणाऱ्याला तिची ओळख पुसावी लागते; भाग चोरणाऱ्याला तेवढेही कष्ट पडत नाहीत, कारण पान्ह्याने बोल्ट सैल झाला त्या क्षणीच भागाची ओळख संपलेली असते. सुट्या भागांच्या चोरीची चर्चा बहुधा कुलपापाशी सुरू होते आणि कुलपापाशीच थांबते, म्हणून या आठवड्याच्या स्तंभात कुलपापलीकडचा भाग अधिक विस्ताराने मांडणे आवश्यक आहे.

या चोरीचे सर्वांत साधे रूप ट्रेलर जोडण्याच्या सांध्यात दिसते. अमेरिकेत पिकअप गाडीच्या मागे दोन इंच चौरस तोंडाची पोलादी नळी बसवलेली असते, तिच्यात ट्रेलर ओढणारा दांडा सरकवतात आणि आडवी पिन घालून तिच्या टोकाला क्लिप लावतात. क्लिप हाताने निघते, तिच्यामागोमाग पिन निघते आणि मग तो जड दांडा कोणत्याही अवजाराशिवाय बाहेर येऊन त्याच मापाच्या दुसऱ्या कोणत्याही गाडीत तितक्याच चोखपणे बसतो. महाराष्ट्रातील ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचा सांधा याहून ओबडधोबड असला तरी तत्त्व तेच आहे, कारण तेथेही ट्रॅक्टरच्या मागच्या हूकमध्ये ट्रॉलीच्या दांडीचे कडे अडकवून वरून उभी पिन सोडली जाते. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या केन यार्डात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वजनकाट्याच्या रांगेत रात्र काढतात, चालक दिवसभराच्या श्रमाने झोपी गेलेला असतो आणि पिन, टॉप लिंक व बॅटरी हे तिन्ही भाग उघड्यावर, हाताच्या अंतरावर असतात. पिनेची किंमत ती काय, परंतु ती नसली तर खेप थांबते, तोडलेला ऊस वाळत जाऊन वजनात घटतो आणि मालकाचे नुकसान चोराच्या कमाईच्या कितीतरी पट होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की घाईत पिनेच्या जागी हाताला लागेल तो बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालून भरलेली ट्रॉली ओढली जाते, आणि तो तुकडा चढावर तुटला तर मागे सुटलेल्या टनावारी उसापुढे रस्त्यावरच्या कोणाचाच निभाव लागत नाही.

कोणती वस्तू चोरीला जाते आणि कोणती सुरक्षित राहते, याचा शास्त्रीय विचार गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ मध्ये ब्रिटिश गृहखात्यासाठी लिहिलेल्या ‘हॉट प्रॉडक्ट्स’ या निबंधात केला आहे. त्यांच्या मते चोराच्या पसंतीस उतरणाऱ्या वस्तूत सहा गुण आढळतात: ती लपवता येते, काढून नेता येते, सहज सापडते, मोलाची असते, उपभोगता येते आणि विकून टाकता येते. वाहनाच्या भागांच्या बाबतीत या सहांपैकी दोन गुण निर्णायक ठरतात, ते म्हणजे काढता येणे आणि खपवता येणे. पहिला गुण गाडीच्या रचनेवर अवलंबून असतो आणि त्यावर कुलूप हा उपाय आहे. दुसरा बाजाराच्या रचनेवर अवलंबून असतो आणि त्यावर कोणतेही कुलूप चालत नाही. काढायला अवघड पण खपवायला सोपी वस्तू चोर वेळ घालवून काढतोच, तर काढायला सोपी पण खपवायला अशक्य वस्तू वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहते, हे ध्यानात घेतले तर प्रतिबंधाचा भर कोठे असावा हे स्पष्ट होते.

याचा अलीकडचा दाखला म्हणजे २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गुजरात आणि महाराष्ट्रात गाजलेल्या मारुती ईको गाड्यांच्या सायलेन्सर-चोऱ्या. चोरांना हवा होता तो आवाज दाबणारा डबा नव्हे, तर धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारा भाग. त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली चिनीमातीची वीट असते आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. एका गाडीत हे धातू काही ग्रॅमच असतात, परंतु मार्च २०२१ मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या पंधरा पटींहूनही वर गेला होता. चोरीच्या धंद्यात ज्या चुऱ्याला नुसती ‘माती’ म्हणतात, ती माती अशी मोलाची होती. ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली आहे, गाडीखाली सरकून धुराच्या नळीपर्यंत पोचता येते, आणि शाळेची मुले किंवा दुकानाचा माल वाहणाऱ्या अशा गाड्या रात्री बहुधा रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात; म्हणजे सापडणे, काढता येणे आणि मोल हे तिन्ही गुण एकाच ठिकाणी जुळून आले.

या प्रकरणाचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. रोडियमचा भाव २०२१ नंतर कोसळला, २०२३ मध्ये तो शिखराच्या पाचव्या हिश्श्याखाली आला, आणि ज्या अमेरिकेत या चोऱ्यांनी कहर केला होता तेथे त्या झपाट्याने ओसरल्या. मधल्या काळात तेथील अनेक राज्यांनी सुटा कन्व्हर्टर विकत घेणाऱ्यांवर कडक बंधने घातली होती, त्यामुळे सगळे श्रेय भावाच्या घसरणीला देता येणार नाही. तथापि या दोन्ही कारणांचा संबंध गाडीशी नसून बाजाराशी आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. चोर तेच राहिले, गाड्याही त्याच राहिल्या, फक्त मालाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले. मोटारींच्या बॅटऱ्यांना असा उतार लाभण्याची शक्यता नाही, कारण शिशाच्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसेच असतो, ते वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते आणि त्याची मागणी कायम असते.

याचा अर्थ कुलपे निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. कुलूप चोराचा वेळ वाढवते, आणि उघड्यावर काम करणाऱ्याला वेळेचीच सर्वांत मोठी धास्ती असते. ट्रॉलीसाठी साध्या पिनेऐवजी किल्लीची पिन, प्रत्येक चाकाच्या नटांपैकी एक खास किल्लीनेच फिरणारा नट, बॅटरीवर पोलादी पट्टी आणि कडी-कुलूप, कन्व्हर्टरभोवती जाळीचा पिंजरा, डिझेल टाकीला कुलूपबंद झाकण, हे सगळे उपाय स्थानिक फॅब्रिकेशनच्या दुकानात एका दिवसात होण्यासारखे आहेत. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, जिला बोलीत एचएसआरपी म्हणतात, ती ज्या एकेरी खटक्याने बसवली जाते तोही याच जातीचा उपाय आहे. तो खटका एकदा बसला की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडला की पुन्हा बसत नाही. कार स्टिरिओचा इतिहास तर या बाबतीत विशेष उद्बोधक आहे. स्टिरिओ वेगळा बसवला जात असे तोवर गाडीची काच फोडून तो काढून नेणे ही शहरोशहरीची चोरी होती; मग पुढची पट्टी मालकालाच काढून खिशात नेता यावी अशी सोय झाली, पुढे सांकेतिक अंक आले आणि अखेर स्टिरिओ डॅशबोर्डच्या घडणीतच मुरला, तसे त्याला चोरबाजारात मोल उरले नाही.

येथे एक इशारा मात्र द्यावा लागतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस पश्चिम जर्मनीने नव्या-जुन्या सर्व मोटारींना स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले तेव्हा तेथील वाहनचोरी लक्षणीय उतरली, परंतु ब्रिटनने १९७१ पासून हीच सक्ती फक्त नव्या मोटारींना लागू केली तेव्हा चोरांचा मोर्चा जुन्या मोटारींकडे वळला. निम्म्या गाड्यांना संरक्षण दिले की उरलेल्या निम्म्यांवरचा धोका वाढतो, आणि त्या उरलेल्या गाड्या बहुधा ज्यांना नवी गाडी परवडत नाही त्यांच्याच असतात. केन यार्डातही मोठ्या वाहतूकदाराने किल्लीच्या पिना बसवल्या आणि एकाच ट्रॅक्टरवर घर चालवणाऱ्याने बसवल्या नाहीत, तर नुकसान नेमके कोणाकडे सरकेल हे सांगावे लागत नाही. म्हणून हा प्रश्न एकेका मालकाच्या सावधगिरीवर सोडून देणे अन्यायाचे आहे.

कायद्याची स्थिती संमिश्र आहे आणि तिच्यातला एक दोष गंभीर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ अन्वये पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिचे मोल परत केले गेले, तर सामुदायिक सेवेची शिक्षा दिली जाते. पहिल्यांदा वाट चुकलेल्या माणसाला तुरुंगापासून वाचवणारी ही तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु त्यासोबत अशी अल्प किमतीची चोरी अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना जिचा तपास करता येत नाही अशी, ठरवण्यात आली आहे. वापरलेल्या बॅटरीची, स्टेपनीची किंवा ट्रॉलीच्या हूकची किंमत बहुधा या मर्यादेच्या आतच भरते, आणि तक्रार देताना चोराचा हा पहिला अपराध आहे की पन्नासावा हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे एका रात्रीत वेगवेगळ्या दहा मालकांच्या दहा बॅटऱ्या गेल्या, तरी कागदावर त्या दहा किरकोळ तक्रारी राहण्याचा धोका आहे. वास्तविक कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातून केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे, तर कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या, वाहनातील चोरीसह अनेक प्रकारच्या चोऱ्यांना लघु संघटित गुन्हा मानून एक ते सात वर्षांची शिक्षा ठेवली आहे. पोलिसांनी शेजारच्या ठाण्यांतील तक्रारी एकत्र ताडून या कलमांचा विचार करायला हवा, आणि त्यासाठी मालकांनी आधी तक्रारी दिल्या पाहिजेत. त्या दिल्या जात नाहीत, कारण विम्याच्या भरपाईत बॅटरी आणि टायर यांच्या किमतीतून निम्मी घट धरली जाते व दावा केल्यावर पुढील वर्षाची हप्त्यातील सूटही जाते, म्हणून मालक मुकाट्याने नवी वस्तू घेतो आणि चोरी कोणत्याच नोंदीत येत नाही.

खरी पोकळी विकत घेणाऱ्याच्या बाजूला आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि असा व्यवहार नित्याचा असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द सिद्ध करायचा कसा, जेव्हा मालावर कोणाचेच नाव नाही? संपूर्ण गाडी भंगारात काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांना २०२१ च्या नियमांनुसार ती चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदींशी ताडून पाहावे लागते, परंतु सुट्या बॅटरीला किंवा कन्व्हर्टरला अशी कोणतीही चाळणी नाही. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांच्या भागांसाठी कुप्रसिद्ध झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद केला. तथापि बाजार बंद करणे हे उत्तर नव्हे, कारण जुन्या रिक्षा, टेम्पो आणि ट्रॅक्टर जुन्या भागांवरच चालतात आणि तो प्रामाणिक व्यापार टिकणे गरिबाच्या हिताचे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने भंगार विक्रेत्याची ओळख पटवणे, नोंद ठेवणे आणि रोख पैसे न देणे बंधनकारक केले. भारतात भंगारवाल्याला छापील वही आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सवय या दोन गोष्टी आज अवघड नाहीत, आणि त्या प्रामाणिक दुकानदारालाच संशयापासून वाचवतील.

वहीत लिहायला भागावर काही तरी असायला हवे, म्हणून क्रमांकन हा या सगळ्याचा पाया आहे. अमेरिकेने १९८४ च्या कायद्याने चोरीला बळी पडणाऱ्या मोटारींच्या इंजिन, गिअरबॉक्स, दारे, बॉनेट अशा प्रमुख भागांवर गाडीचा क्रमांक उमटवणे सक्तीचे केले. दक्षिण आफ्रिकेने २०१२ पासून नव्या गाड्यांवर सूक्ष्मदर्शकाखालीच वाचता येणारे ठिपके फवारण्याची सक्ती केली, आणि भारतातही २०१९ मध्ये अशा ठिपक्यांच्या नियमाचा मसुदा निघाला होता. अशा सक्तीची वाट न पाहता महाराष्ट्रात एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. हंगामापूर्वी साखर कारखाने वाहतूकदारांशी करार करतात आणि त्या वेळी ट्रॅक्टर, ट्रॉली व कागदपत्रे हाताळली जातातच. त्याच वेळी यार्डात कोरणीचे यंत्र घेऊन एक माणूस बसवला, तर हूक, टॉप लिंक आणि ट्रॉलीची दांडी यांवर नोंदणी क्रमांक कोरता येईल, बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर तो तापल्या सळईने उमटवता येईल आणि सर्व भागांचे छायाचित्र कराराच्या फाइलला जोडता येईल. पंचक्रोशीतल्या भंगार दुकानदारांना असा क्रमांक दिसताच कारखान्याला फोन करण्याची विनंती करावी आणि तो फोन क्रमांक वजनकाट्याच्या खिडकीवर व दुकानांच्या फळ्यांवर ठळकपणे लावावा. एका ट्रॅक्टरमागे या कामाला अर्धा तास पुरतो.