चौलची शिरगणती

इसवी सन ९१६ मध्ये बगदादचा प्रवासी अल-मसूदी चौलला येऊन गेला. अरब दर्यावर्दी या बंदराला सैमूर म्हणत. कोकणात तेव्हा राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार राज्य करत होते आणि गादीवर झंझ राजा होता. मसूदीने लिहून ठेवलं आहे की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे, आणि बरेचसे इथेच जन्मलेले. या इथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असं वेगळं नाव होतं. त्यांचे व्यवहार आणि तंटे पाहायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. दहा हजार हा अर्थातच प्रवाशाचा अंदाज. तरी गावात कोण राहतं, ते कुठून आलं आणि त्यांच्या मुलांना गाव काय म्हणतं, असे शिरगणतीचे तिन्ही प्रश्न त्याने अकराशे वर्षांपूर्वी विचारले होते.

यंदाच्या अंकासाठी ‘गावातली माणसं’ हा विषय आम्ही ठरवला तो याच कारणाने. येत्या जनगणनेत जात नोंदवली जाईल, असा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. सगळ्या जातींचे आकडे जनगणनेतून प्रसिद्ध झाले ते शेवटचे १९३१ साली. मधल्या काळात गावं बदलली, पण ‘इथले मूळचे कोण आणि उपरे कोण’ हा वाद काही संपला नाही. उलट अलीकडे त्याला धार आली आहे. या वादात पडणाऱ्याने एकदा चौल-रेवदंड्याला जावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे, उत्तरेच्या काठावर रेवदंडा, त्याला लागून चौल आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळीवाडा, आगर. आज अलिबागकडून मुरूडला निघालेला पर्यटक इथे नारळपाणी प्यायला थांबतो आणि पुढे जातो. पण कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमूलच्या दानकर्त्यांची नावं आहेत, ती याच गावची मानली जातात. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास हुर्मुझहून घोडा घेऊन याच बंदरात उतरला. गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागे मागे फिरत, हे त्याने नोंदवलं आहे. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी इथे ठाणं घातलं. पुढे खालचं चौल, म्हणजे रेवदंडा, त्यांचं आणि वरचं चौल अहमदनगरच्या निजामशाहीचं, अशी दोन शहरं हाकेच्या अंतरावर नांदली आणि अधूनमधून एकमेकांवर तोफाही डागत राहिली.

१७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गोव्याकडे निघून गेले. कोर्लईच्या पायथ्याचे गरीब ख्रिस्ती मात्र राहिले. त्यांना जायला दुसरा देशच नव्हता, कारण ते इथलेच होते: पोर्तुगीज शिपायांची आणि इथल्या बायकांची लेकरं, बाटवलेले शेतकरी, घरकामाचे गुलाम. त्यांच्या घरात एक पोर्तुगीज बोली रुजली होती. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं. पावणेतीनशे वर्षं लिस्बनशी संबंध नाही, शाळा मराठी, बाजार मराठी, आणि तरीही सुमारे हजारभर माणसं आजही घरात ती बोलतात. जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत मात्र दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या मातृभाषेला स्वतंत्र ओळ मिळत नाही. ती ‘इतर’मध्ये जाते. एका गावाने जिवापाड जपलेली भाषा सरकारी कागदावर अशी नाहीशी व्हावी, याचं आम्हाला दुःख होतं.

बेने इस्रायलांची कहाणी मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक असते. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. आडनावं गावांची: चौलकर, नवगावकर, पेणकर, दिवेकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये उभारणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर घरगुती व्यवहारात सामाजी हसाजी होते. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, अलिबागचं १८४८ चं. वल्हांडण सणाची हग्गादा त्यांनी मराठीत आणली. १८७४ मध्ये ती पुण्यात छापली गेली. इतकं सगळं वाचून मराठी माणसाची छाती फुगते: बघा, आमच्याकडे ज्यूंचा कधी छळ झाला नाही!

हे खरं आहे, आणि ते मोठं आहे. पण आम्हाला इथे थांबवत नाही. याच समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन थर होते. ज्यांच्या वंशात बाहेरच्या स्त्रीचं रक्त आलं असं मानलं जाई, ते काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगत वेगळी. भोवतालच्या गावाने या पाहुण्यांना जागा दिली, भाषा दिली, पोशाख दिला, आणि आपली जातही देऊन टाकली. पुढे १९५० नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने त्यांच्याच ज्यूपणाबद्दल शंका घेतली. इतर ज्यूंशी लग्न करण्याआधी त्यांच्या आई-आजीची वंशावळ तपासावी, असे आदेश निघाले. त्याविरुद्ध ते रस्त्यावर उतरले, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याची घोषणा झाली. कोकणात ज्या मापाने ते काळ्यांना मोजत होते, त्याच मापाने जेरूसलेममध्ये त्यांना मोजलं गेलं. त्यांचं दुःख हलकं करण्यासाठी हे लिहीत नाही. वंशाच्या शुद्धतेचं माप हाती घेणारा स्वतः त्यातून सुटत नाही, याचं इतकं ढळढळीत उदाहरण आम्हाला आपल्या इतिहासात दुसरं दिसत नाही.

म्हणून चौल ‘सर्वांना सामावून घेणारं’ होतं असं सरसकट म्हणायला आम्ही तयार नाही. समुद्रातून आलेल्यांपैकी सगळे आपखुशीने आलेले नव्हते. आफ्रिकेतून हबशी आणले गेले ते पुष्कळदा गुलाम म्हणून. निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबरही लहानपणी विकला गेला होता. थोडं दक्षिणेला जंजिऱ्याच्या सिद्दींनी राज्य केलं आणि ते १९४८ पर्यंत टिकलं, म्हणून त्यांच्याबद्दल आपण ऐटीत बोलतो. घरोघरी राबलेल्या हबशांची नावं कोणत्याही बखरीत नाहीत. आणि गावातल्या गावात काय होतं? अरबाला, ज्यूला, पोर्तुगीजाला घर बांधू देणाऱ्या याच मुलखात महारवाडा वेशीबाहेर होता. बाबासाहेबांना १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला ते महाड याच जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाब्यातलं. परक्याला वाडी आणि आपल्याला वेस, असा हा हिशेब होता. तो लपवून वैविध्याचं गुणगान करणं हा खोटेपणा आहे. जातगणनेला आमचा पाठिंबा आहे तो यासाठीच. जमीन कोणाकडे आहे, शिक्षण कुठवर पोहोचलं, हे जातवार कळल्याशिवाय त्या जुन्या हिशेबातली बाकी किती उरली आहे ते कळणार नाही.

आज या किनाऱ्यावर पुन्हा माणसं येत आहेत. मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून नेपाळ, उत्तर प्रदेश, झारखंडचे तरुण आहेत. रत्नागिरीकडे आंब्याच्या बागा नेपाळी गडी राखतात. वाड्या विकल्या जाऊन तिथे मुंबईकरांचे बंगले उभे राहत आहेत. बंगलेवाला महिन्यातून दोनदा येतो आणि त्याला कोणी उपरा म्हणत नाही. खलाशी हंगामभर इथल्या बोटीवर राबतो आणि त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं. हा फरक वंशाचाही नाही, भाषेचाही नाही. तो पैशाचा आहे.

या अंकात कोकणातल्या बंदरगावांबरोबर देशावरच्या आणि विदर्भातल्या गावांवरचे लेखही आहेत. शेवटी एक विनंती. जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दाराशी येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात घरात बोलता तीच भाषा सांगा, मग ती आगरी असो, मालवणी असो, अहिराणी असो, नाहीतर कोर्लईची नौ लिंग. शेजारच्या खोलीत राहणारा खलाशी, वीटभट्टीवरचा मजूर, बागेतला राखणदार यांचीही नोंद झाली की नाही, ते विचारा, आणि राहिली असेल तर करून घ्या.