गाणं आपलं, भिंत दोघींची

दिवाळीच्या बोनसमधून म्हणा, लेकाच्या पहिल्या पगारातून म्हणा, घरात एकदाची छानशी म्युझिक सिस्टीम येते. दोन उंच स्पीकर आणि जमिनीवर बसणारा तो गुबगुबीत वूफर. पहिले दोन दिवस घरात नुसती गाणीच गाणी! तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी जिन्यात भेटतात, पण नेहमीसारख्या हसत नाहीत. चौथ्या दिवशी विचारतात, "काय हो, काल तुमच्याकडे काही कार्यक्रम होता का?" वाक्य एवढंच, पण वर्मी लागणारं. मग घरात फर्मान सुटतं, "आवाज कमी करा." आणि गंमत बघा, सगळ्यांत आधी कमी होतं ते घरातल्या बाईचं गाणं. क्रिकेटचा सामना आणि बातम्यांची भांडणं मात्र होती त्याच आवाजात चालू राहतात.

तेव्हा आज मी तुम्हाला "आवाज कमी करा" एवढंच सांगून मोकळी होणार नाही. गाणं भरभरून ऐकावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. दिवसभर सगळ्यांचं सगळं केल्यावर एखादा तास आपल्या आवडीचं गाणं घर भरून ऐकावं, ही हौस अगदी रास्त आहे. प्रश्न एवढाच, की आपल्याकडे घर भरलं की पलीकडच्या घरात काय सांडतं?

आधी हौसेचं कारण समजून घेऊ. हळू लावलेलं गाणं पाणी घातलेल्या वरणासारखं का लागतं? कारण आवाज लहान झाला की आपला कान खालचे, खर्जातले स्वर फार कमी टिपतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. गाणं तेच असतं, पण त्याचा पाया कानापर्यंत पोचत नाही. म्हणून हात आपोआप बटणाकडे जातो.

आता गोची पुढेच आहे. आपल्याला जे खालचे स्वर हवे असतात, नेमके तेच भिंतीतून पलीकडे जातात. बारीक, वरच्या स्वरांच्या लाटा आखूड. भिंत त्यांना बरीचशी अडवते. पण ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. आपली साडेचार इंची विटांची भिंत तिला कितीशी पुरणार? त्यातून भिंत जितकी हलकी, तितका आवाज जास्त जातो. आणि सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत स्लॅब, खांब, तुळया एकमेकांत बांधलेल्या असल्यामुळे वूफरचा हादरा खालच्या मजल्यावरही पोचतो.

म्हणजे आपल्याकडे भीमसेनजींचा अभंग लागलेला असतो, पण शेजारच्या वहिनींना ना शब्द कळतात, ना सूर. तबल्याची चाट त्यांना ऐकू येत नाही, टाळ ऐकू येत नाहीत. ऐकू येते ती नुसती डग्ग्याची धप्‌धप्. त्या कपाळाला आठ्या घालतात त्या तुमच्या गाण्यामुळे नव्हे, या धपधपाटामुळे. त्यांना गाण्याचं वावडं आहे असं मानून आपण उगीच मनात अढी धरतो.

पूर्वी इतका त्रास का नव्हता, असं आजेसासूबाई विचारतील. त्याचंही उत्तर यातच आहे. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते शेजारी जाऊन बसत. एका घरचं गाणं साऱ्या चाळीचं असे, ते सगळ्यांना हवं असे. शिवाय त्या रेडिओचा स्पीकर लहान, त्यातून असा खर्ज निघायचाच नाही. आज प्रत्येक घराचं गाणं वेगळं, वेळ वेगळी, आणि जमिनीवर वूफर!

आता उपाय. पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. एखाद्या दुपारी शेजारच्या वहिनींना सांगून त्यांच्याकडे चहाला जा. घरी मुलाला किंवा मुलीला तुमचं नेहमीचं गाणं, नेहमीच्या आवाजात लावायला सांगा. आणि वहिनींच्या बाहेरच्या खोलीत नव्हे, त्यांच्या झोपायच्या खोलीत जाऊन ऐका. मग घरी फोन करून खर्ज, म्हणजे ते 'बास'चं बटण, कमी करायला सांगा आणि पुन्हा ऐका. नंतर सगळाच आवाज कमी करून बघा. कुठल्या खुणेवर पलीकडे काही जाणवत नाही ते दोघी मिळून ठरवा आणि बटणाच्या त्या खुणेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. बटण नसेल तर पडद्यावरचा आकडा लिहून ठेवा. हजार रुपयांच्या यंत्रापेक्षा हा ठिपका मोलाचा. शिवाय, जिला आपण आधी विचारलं ती बाई एरवीही चार स्वर जास्त सोसते, हा मनुष्यस्वभाव आहे.

यानंतर घरातली मांडामांड बघा.

वूफर कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात खर्ज उगीच फुगतो. सामायिक भिंतीलाही टेकवू नका. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा आणि जमलं तर आपल्याच खोल्यांमधल्या भिंतीकडे सरकवा. थेट फरशीवर न ठेवता खाली जाड रबराची चटई किंवा घट्ट फोमचा तुकडा घाला, म्हणजे हादरा फरशीत कमी उतरतो. गाणं चालू असताना भिंतीला तळहात लावून बघा. हाताला थरथर जाणवली तर तीच थरथर पलीकडेही जाते आहे असं समजा. लाकडी शोकेसवर किंवा भांड्यांच्या मांडणीजवळ स्पीकर नकोच. तिथे गाण्याबरोबर वाट्या-पेलेही साथ धरतात.

स्पीकर कानाच्या उंचीवर आणि बसायच्या जागेच्या जवळ आणा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची असा सहा-सहा फुटांचा त्रिकोण झाला तर उत्तम. मोकळ्या मैदानात अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत तेवढा फायदा होत नाही, पण होतो नक्की. हॉलच्या एका टोकाला स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला आपण, अशी बैठक असली की विनाकारण आवाज वाढवावा लागतो. जवळ बसा, बटण मागे फिरवा. कानाला तेवढंच मिळतं, भिंतीला कमी.

खिडक्या विसरू नका. कित्येकदा आवाज भिंतीतून जातच नाही, तो न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या डक्टमधून चारी मजल्यांवर फिरून येतो. गाण्याच्या तासापुरती त्या बाजूची खिडकी आणि मधलं दार लावून घ्या. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी बसवली की झुरळं आणि आवाज दोन्हींचा बंदोबस्त होतो. सामायिक भिंतीशी पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट असेल तर तेही थोडीफार मदत करतं.

एक गैरसमज मात्र दूर करते. जाड पडदे किंवा अंड्यांचे ट्रे लावून आवाज अडत नाही. पडदा, सतरंजी, गाद्या यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, शब्द स्वच्छ कळतात आणि त्यामुळे कमी आवाजातही समाधान होतं. फायदा आहे तो एवढाच. अंड्यांच्या ट्रेनी भिंत मढवण्यापेक्षा अंडी खावीत!

टीव्हीच्या साउंडबारमध्ये पुष्कळदा 'नाईट मोड' नावाची सोय असते. ती लावली की मोठे आवाज दबतात, लहान वर येतात. रात्रीच्या सिनेमाला फार उपयोगी. मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत शोधून देईल.

"मग हेडफोन का नाही वापरत?" असं सगळे सुचवतात. वापरा की, रात्री तर जरूर वापरा. पण हेडफोन घालून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत आणि दारावरची बेलही ऐकू येत नाही, हे सुचवणाऱ्यांना ठाऊक नसतं. शिवाय कानाचंही गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासच ऐकावा. तो ९० डेसिबल झाला की तेच तास ४ वर येतात. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबल. गाणं संपल्यावर कानात 'कुंई' वाजत राहिलं तर कानाने दिलेली ती ताकीद समजा.

आता वेळेचं. कायदा सगळ्यांना माहीत असावा म्हणून सांगते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांप्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळात ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घरच्या यंत्राचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या आकड्यांच्या ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. साधं समोरासमोरचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या.

पण कायद्याचं घड्याळ वेगळं आणि शेजारधर्माचं वेगळं. दुपारी एक ते चार वरच्या आजींचा डोळा लागलेला असतो, तेव्हा कायद्याने मुभा असली तरी वूफर बंदच बरा. संध्याकाळी पाच ते सात रस्त्यावर रिक्षा, भाजीवाले, खाली खेळणारी पोरं यांचा गलका असतो, त्यात आपलं गाणं कुणाला टोचत नाही. तेच गाणं रात्री साडेनऊच्या शांततेत दुप्पट वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या घरात दहावी-बारावीची परीक्षा, ज्या घरात बाळंतीण, ज्या घरात रात्रपाळी करून आलेली नर्स, त्या घराची आठवण ठेवावी. आणि शेजारी दुःखद घटना घडली असेल, तर तेरा दिवस आपलं गाणं आपल्या कानापुरतंच ठेवावं. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, म्हणूनच ते आपण पाळायचं.

घरी बारसं किंवा वाढदिवस असेल तर आदल्या दिवशीच जाऊन सांगा. "काकू, उद्या संध्याकाळी आमच्याकडे जरा गडबड आहे हं, नऊला बंद करू. त्रास झाला तर सरळ बेल वाजवा, मनात ठेवू नका. आणि तुम्ही आलंच पाहिजे." एवढं सांगून खरोखरच नऊला बंद करा. दिलेली वेळ पाळली की पुढच्या वेळी विचारायलाही संकोच वाटत नाही.

आणि त्रास देणारं गाणं आपलं नसून पलीकडचं असेल तर? तर हेच सगळं उलट्या बाजूने. भिंत बडवू नका. आपणही गाणं मोठ्याने लावून उट्टं काढू नका. रागाच्या भरात रात्री जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे जा आणि नेमकं सांगा, "वहिनी, गाणं नाही हो ऐकू येत, नुसता धपका येतो. तो वूफर जरा पुढे ओढून बघता का?" 'तुमचा फार त्रास होतो' यात माणूस दुखावतो. 'वूफर ओढा' यात फक्त वूफर सरकतो. दोन-तीनदा सांगूनही फरक पडला नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा. रात्री दहानंतर रोजचाच धिंगाणा असेल तर पोलिसांचा ११२ क्रमांक आहेच. पण तो शेवटचा उपाय. पोलीस पाच मिनिटं येऊन जातात, शेजार वर्षानुवर्षं राहतो. आपल्या घराची जादा किल्ली कुणाकडे असते? अडीअडचणीला विरजण कुणाकडून आणतो? शाळेतून लवकर सुटलेलं पोर कुणाच्या दारात बसतं?

मैत्रिणींनो, ही भिंत दोघींची आहे. तिच्या एका बाजूला आपली हौस, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी झोप. वूफर दोन फूट पुढे ओढायचा, खाली रबर घालायचं, एकदा चहाला जाऊन यायचं. एवढी तजवीज केली की गाण्याचा तो तास मग हक्काने घ्या. कुणी घरातलं म्हणालंच, "आवाज कमी कर," तर नेलपॉलिशच्या ठिपक्याकडे बोट दाखवा आणि म्हणा, "शेजारच्या वहिनींची परवानगी आहे. तुमची हरकत असेल, तर हेडफोन तुम्ही घाला!"