पाठीवर किती घ्यावं?

मंडळी, बरेच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं नातवाचं.

गेल्या आठवड्यात तो पुण्याहून आला. लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनवर घ्यायला गेलो, तर पोराच्या पाठीवर शाळेच्या दप्तराएवढी एक सॅक. बस्स!

"बाकी सामान कुठाय रे?"

"एवढंच आहे आबा. चार दिवसांना काय लागतं? अडीच किलो भरलंय."

विमानात हातातल्या पिशवीला सात किलो चालतात, म्हणे. हा अडीचवर आलेला! पस्तीस वर्षं पोरांची दप्तरं बघितलेल्या मास्तरला कौतुक वाटणारच. गोव्याला, हंपीलाही असाच जातो. अंगावर एक जोड, सॅकमध्ये एक. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा.

"आणि काही कमी पडलं तर?"

"विकत घ्यायचं!"

इथे मात्र मी अडखळलो.

माझी आजी महाशिवरात्रीला चौरागडला जायची. पचमढीजवळचा हा महादेवाचा डोंगर आपल्या विदर्भाला काही नवा नाही. तिचं बोचकं मला अजून आठवतं. एक लुगडं, भाकरी-चटणी, एक लोटी आणि मूठभर फुटाणे जास्तीचे. अंगावरचं लुगडं ओलं झालं तर अर्धं नेसायचं, अर्धं उन्हात धरून वाळवायचं. आजोबांकडे तर तेवढंही नसे. त्यांच्या खांद्यावर नवसाचा त्रिशूळ असायचा. स्वतःचं ओझं कमी कशासाठी, तर खांदा मोकळा राहावा म्हणून. आणि ते जास्तीचे फुटाणे? वाटेत कोणाचं लेकरू रडलं तर त्याच्यासाठी.

आजीलाही कमी पडायचंच. पण ती विकत घेत नसे, मागून घेई. आणि मागणारा माणूस द्यायलाही थोडं जवळ ठेवतो. नातवाच्या अडीच किलोत आणि आजीच्या बोचक्यात मला फरक दिसतो तो एवढाच.

आता मी काही फार शहाणा आहे असं नाही. १९९४ च्या श्रावणात आम्ही दोघं नागद्वारला गेलो. ही वाट सातपुड्याच्या वाघांच्या जंगलातली, नागपंचमीच्या आधी साधारण दहाच दिवस उघडते. चढ-उतार, लोखंडी शिड्या, वरून पाऊस. मला तेव्हा हलकं चालण्याची भारी हौस! घरून निघताना सौ.च्या पिशवीतून मी स्वेटर काढला, पन्नी काढली. "उगाच ओझं! आपल्याकडे कपडे तासाभरात वाळतात," असं वर सुनावलं.

तासाभरात वाळतात ते हिंगण्याच्या वैशाखात. श्रावणातल्या पचमढीत सुती साडी रात्रभर झटकली तरी वाळत नाही, हे मास्तरला कळायला नको? रात्री ती तापाने फणफणली. दातावर दात वाजत होते. शेजारच्या मुक्कामातल्या एका अनोळखी बाईने स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून तिला पांघरली आणि आपण लुगड्याचा पदर गुंडाळून बसून राहिली. ती घोंगडी कोणीतरी चढावर वाहून आणली होती. माझी पाठ हलकी होती ती तिच्या पाठीच्या जिवावर!

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ओझं कमी करावं, पण आपल्या हौसेचं. सोबतच्याच्या गरजेचं ओझं कमी करायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरं असं, की आपलं कोण वाहतंय हे मोजावं. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याच्या खांद्यावर फक्त पडशी दिसते, कारण दिंडीचं सामान मागे ट्रकमध्ये असतं आणि गावोगावी लोक जेवू घालतात. नागद्वारच्या वाटेवरही आपल्याकडच्या मंडळांचे भंडारे लागतात. तिथला तांदूळ, तेल, भांडी कोणाच्या तरी डोक्यावरूनच वर गेलेली असतात. आपण दोन पुऱ्या खाऊन "किती मोकळं वाटतंय" म्हणत पुढे निघतो. मोकळं वाटू द्यावं, पण पानावर बसण्याआधी चार पानं वाढावीत.

तर माझा हिशोब असा. उन्हाळ्यात सुती कपडे, पावसाळ्यात टेरिकॉटचे, कारण ते लवकर वाळतात. एक दुपट्टा, तो टॉवेल, चादर, टोपी सगळं होतो. चष्मा आणि बी.पी.च्या गोळ्या, कारण त्या शेजारच्याकडे मागून मिळत नाहीत. सगळ्याला एक पन्नी. आणि एक वस्तू अशी, जी आपल्याला बहुतेक लागणार नाही, पण दुसऱ्याला लागेल.

या श्रावणात नातू नागद्वारला जायचं म्हणतोय. मी हे सगळं व्याख्यान त्याला दिलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आबा, अडीच किलोचे किती करू?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "तीन कर. अर्धा किलोची शाल घे. आणि आबांचं ऐकून ती काढून ठेवू नकोस!"

एकतीस वर्षांहून जास्त झाली, पण तो स्वेटर ही विसरलेली नाही. असो. विसरूही नये.