प्लेयर आधी, डिस्क नंतर

डीव्हीडी प्लेयरला जोडायला हार्ड डिस्क घ्यायची आहे असं म्हटलं, की वढू बुद्रुकपासून शिक्रापूरपर्यंत बहुतेक जण एकच सल्ला देतात: ‘घ्यायचीच तर एक-दोन टीबीची घे, एकदाच काय तो खर्च.’ पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तरी काउंटरपलीकडून हेच ऐकायला मिळतं. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. संगणकासाठी हा सल्ला बरोबर असेल, डीव्हीडी प्लेयरसाठी तो पैसे वाया घालवणारा आहे. इथे डिस्क किती मोठी, किती नवी, किती वेगवान, यातलं काहीच निर्णायक नसतं. प्लेयरच्या तोंडातून किती वीज मिळते, त्याला डिस्कवरची कुठली मांडणी (फाइल सिस्टिम) वाचता येते आणि कुठल्या जातीचं चित्र उलगडता येतं, या तीन गोष्टी ठरवतात. म्हणून खरेदीला निघताना आधी प्लेयरची पाठ आणि त्याचं पुस्तक वाचावं. डिस्कचा विचार त्यानंतर करावा.

पहिला आक्षेप प्लेयरवरच असतो, तेव्हा तो आधी घेतो. ‘आता डीव्हीडी प्लेयर कोण वापरतं? भंगारात घाला. मोबाइल आहे, स्मार्ट टीव्ही आहे, यूट्यूब आहे.’ असं म्हणणाऱ्याने आपल्या भागातल्या कपाटांत काय आहे ते पाहिलेलं नाही. मुलीच्या लग्नाची व्हीसीडी, आजोबांच्या वर्षश्राद्धाचं कीर्तन, सप्ताहातला काल्याचा दिवस, यात्रेची मिरवणूक, यातलं काहीही यूट्यूबवर नाही. आमच्या गावात, वढू बुद्रुकला, छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. ११ मार्च १६८९ चं त्यांचं बलिदान गाव दर फाल्गुन अमावास्येला स्मरतं. अशा दिवशी गायलेल्या पोवाड्याचं, मुलांच्या भाषणांचं कुणी चित्रण केलं असेल तर तेही अशाच एखाद्या चकतीत पडून असतं. या चकत्या छापील सिनेमाच्या नव्हेत, फोटोग्राफरने घरच्या संगणकावर भाजलेल्या आहेत. त्यांच्या पाठीवरची रंगीत झाक म्हणजे सेंद्रिय रंगाचा थर. ऊन, उष्णता आणि दमटपणाने तो खराब होत जातो. तेव्हा चकत्यांमधलं सगळं दुसरीकडे उतरवून घेणं हे आज करायचं काम आहे. उतरवलेलं पाहायचं मात्र ज्याचा रिमोट घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाताला सरावलेला आहे त्याच यंत्रावर, यात चूक काय? जुन्या डब्बा टीव्हीच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना अजून शाबूत आहेत. यंत्र चालतंय, माणूस सरावलाय. ते फेकायला सांगणारा माणूस सोय पाहत नाही, फॅशन पाहतो.

आता मूळ मुद्दा, आणि त्यात सगळ्यात आधी वीज. प्लेयरच्या पुढच्या बाजूला असलेलं यूएसबीचं तोंड सहसा २.० जातीचं असतं. त्या नियमाप्रमाणे ते ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क एकदा फिरायला लागली की एवढ्यात कसंबसं भागवते. पण थांबलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० फेऱ्यांपर्यंत न्यायच्या त्या पहिल्या काही सेकंदांत तिची भूक एक अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. विहिरीवरची मोटर ज्यांनी चालवली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको: दाब कमी असताना चालती मोटर चालत राहते, बंद असलेली मात्र उचलत नाही, नुसती गुणगुणते. डिस्कचंही तसंच होतं. दिवा लुकलुकतो, आतून टक-टक आवाज येतो आणि पडद्यावर ‘नो यूएसबी’ उमटतं. मग कुणी डिस्कला खराब ठरवतं, कुणी प्लेयरला. दोन्ही धड असतात, जोडी चुकलेली असते. आणि असं अर्धवट उचलून पुन्हा पुन्हा बसणं डिस्कच्या तब्येतीलाही बरं नाही.

यावर ‘यूएसबी ३.० ची नवी डिस्क घ्या, ती जोरदार असते’ असा उपाय सांगितला जातो. तो रोगापेक्षा वाईट आहे. यूएसबी ३.० च्या नियमात ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मागायची मुभा आहे, म्हणजे नवी डिस्क जुन्या तोंडाकडून जास्तच मागू शकते. वेगाचं म्हणाल तर डीव्हीडीच्या चित्राला सेकंदाला फार तर ९.८ मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० आहे. ३.० चा वेग इथे शोभेचाच राहतो. चित्रही त्याने अधिक स्वच्छ दिसत नाही. ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं चित्रण कुठल्याही डिस्कवर तेवढंच राहतं.

मग वीज पुरवायची कशी? दोन तोंडांची वाय-केबल मिळते. तिचं एक टोक प्लेयरला आणि दुसरं मोबाइलच्या चार्जरला लावलं की फिरत्या डिस्कचा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. साडेतीन इंची मोठी डिस्क स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घेऊन येते, त्यामुळे प्लेयरवर भार पडत नाही. पण टीव्हीखालच्या फळीवर आणखी एक वायर आणि आणखी एक प्लग आले. मधे यूएसबी हब घालायचा विचार करू नका, कित्येक प्लेयर हबपलीकडचं काही ओळखतच नाहीत. माझी पसंती सरळ आहे. फिरता भागच नसलेली, २४० किंवा २५० जीबीची साधी साटा एसएसडी घ्यावी आणि ती यूएसबी केसिंगमध्ये बसवावी. तिला सुरुवातीचा झटका नाही, आवाज नाही, फळीवरून पडली तरी तबकडी ओरबाडण्याची भीती नाही. एनव्हीएमई जातीची पट्टी मात्र या कामाला नको, ती वीज जास्त ओढते आणि तापते. घरात बंद पडलेल्या लॅपटॉपमधली ३२० किंवा ५०० जीबीची डिस्क असेल तर तिची प्रकृती संगणकावर तपासून तीच केसिंगमध्ये घालावी, वाय-केबलसकट. नवी काही घ्यायचीच गरज नाही.

विजेच्या पायरीवरून पार पडलेली डिस्कसुद्धा बहुधा मांडणीच्या पायरीवर अडखळते. दुकानातून येणारी डिस्क सहसा एनटीएफएस किंवा एक्सफॅट मांडणीत भरलेली असते. एनटीएफएस १९९३ ची, विंडोजची घरची. एक्सफॅट २००६ ची, तीही मायक्रोसॉफ्टचीच, आणि २०१९ पर्यंत तिचा तपशीलच खुला नव्हता. स्वस्त प्लेयर बनवणाऱ्यांनी या दोन्हींच्या वाटेला न जाता १९९६ ची फॅट३२ तेवढी धरली. त्यामुळे तुमची डिस्क फॅट३२ मध्ये, आणि विभागणी एमबीआर पद्धतीची हवी. जीपीटी विभागणी प्लेयरला सहसा कळत नाही. सुमारे २.२ टीबीच्या पुढच्या डिस्कना एमबीआर पुरत नाही, म्हणून त्या सहसा जीपीटीनेच बांधलेल्या असतात. तीन-चार टीबीची डिस्क या कामाला बाद ठरते ती इथेच, मग तिची किंमत काहीही असो.

‘पण विंडोज तर ३२ जीबीच्या वर फॅट३२ करूच देत नाही, म्हणजे मोठी डिस्क फॅट३२ होतच नसणार,’ असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ही समजूत चुकीची आहे. ती मर्यादा विंडोजच्या फॉरमॅट करणाऱ्या खिडकीची आहे, फॅट३२ ची नव्हे. फुकट मिळणारी छोटी साधनं २५०, ५०० जीबीची डिस्कही सहज फॅट३२ करतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांडलाइनवरची ही मर्यादा २ टीबीपर्यंत नेली. कुणी आधीच एक टीबीची डिस्क घेऊन बसला असेल तर त्याने तिच्या सुरुवातीला ३२ जीबीचा एक फॅट३२ विभाग करावा आणि उरलेली जागा संगणकासाठी ठेवावी. बहुतेक प्लेयर पहिलाच विभाग पाहतात.

फॅट३२ वरचा एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. ती नाजूक आहे. लिहिता लिहिता लाईट गेली तर एनटीएफएस स्वतःची नोंदवही पाहून सावरते, फॅट३२ कडे तशी नोंदवहीच नाही. लाईटचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात हा आक्षेप वजनदार वाटतो. पण प्लेयर डिस्कवर लिहीत नाही, फक्त वाचतो. लिहिणं होतं ते संगणकावर, फाइली भरताना, आणि तेवढी काळजी आपल्या हातात आहे. फॅट३२ ची खरी अडचण निराळी: एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. तीन तासांचं अख्खं लग्न एकाच फाइलमध्ये कोंबलं असेल तर ते तोडावं लागेल. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात असे तुकडे तसेही पाहायला सोयीचे.

आता मोठ्या डिस्कच्या मुख्य दाव्याकडे येऊ. ‘जागा कमी पडली तर?’ हिशेब मांडून पाहा. एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यातलं कीर्तन सेकंदाला चार मेगाबिटच्या डीव्हीडी दर्जात उत्तम दिसतं. त्याला तासाला १.८ जीबी लागतात. सप्ताहातली सात दिवसांची, रोज दोन तासांची कीर्तनं म्हणजे १४ तास, सुमारे २५ जीबी. अख्खा सप्ताह ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मावतो, आणि तो पेन ड्राइव्ह विंडोज स्वतःच फॅट३२ करून देते. व्हीसीडीवरून उतरवलेलं तर तासाला ६००-६५० एमबीच घेतं. २५० जीबीत डीव्हीडी दर्जाचे सव्वाशे तासांहून जास्त बसतात. दोन टीबीत अकराशे तास. कुठल्या घरात अकराशे तासांचं घरगुती चित्रण आहे? शिवाय प्लेयरला फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते, बऱ्याचदा काही शेकड्यांची. भली मोठी डिस्क भरली तरी यादी अर्ध्यावर तुटते. म्हणून माझा आग्रह आहे की पहिली खरेदी डिस्कची नसावीच. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आणावा, महिनाभर वापरावा. भजनी मंडळाचं, मंदिराचं किंवा भावकीतल्या चार घरांचं चित्रण एकत्र करायचं असेल, तेव्हाच २५० जीबीकडे वळावं.

एवढं सगळं जमूनही चित्र न दिसणारे पुष्कळ असतात, आणि त्याचा दोष डिस्कला देता येत नाही. आजचा फोटोग्राफर पेन ड्राइव्हवर एमपी४ देतो. आतली जात एच.२६४, चित्र १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या प्लेयरला ही भाषा शिकवलेलीच नाही. त्याला एमपीईजी-१, एमपीईजी-२ आणि बहुधा डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड कळतं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर आणि पुस्तकात ही नावं छापलेली असतात, ती पाहावीत. एफएफएमपीईजी नावाचं फुकट साधन एका आज्ञेत पाल पद्धतीच्या डीव्हीडी दर्जात रूपांतर करून देतं. जुन्या घरगुती डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइलींना कुलूप नसतं. त्या सरळ उतरवून घ्याव्यात आणि शेवटचं नाव बदलून एमपीजी केलं की बरेच प्लेयर त्या वाजवतात. फाइलींची नावं मात्र देवनागरीत देऊ नका, पडद्यावर नुसते चौकोन दिसतील. ज्या भाषेसाठी हे सगळं करतोय तिचीच अक्षरं यंत्राला येत नाहीत याचा मला राग येतो, पण प्लेयर बदलणार नाही. रोमी अक्षरांत आणि पुढे ०१, ०२ असे आकडे घालून नावं द्यावीत, आणि त्याच क्रमाने एकेक फाइल भरावी. काही प्लेयर वर्णानुक्रम पाहत नाहीत, जी आधी भरली ती आधी दाखवतात. हरिपाठाआधी पसायदान लागू नये, म्हणून एवढे कष्ट घ्यायचे.

शेवटचा गैरसमज सगळ्यात घातक. ‘डिस्कमध्ये भरलं, आता चकत्या फेकून दिल्या तरी चालतील.’ मुळीच नाही. प्लेयरला लावलेली डिस्क ही पाहण्याची प्रत आहे. ती तापते, लाईटच्या चढउतारांत सापडते, पोरं तिची वायर ओढतात, आणि तिच्यात बऱ्याचदा चित्र आकसून भरलेलं असतं. एसएसडी तर वर्षानुवर्षं विजेविना कपाटात ठेवायची वस्तूच नव्हे. जपायची प्रत वेगळी हवी. डीव्हीडीतली मूळ व्हीओबी, व्हीसीडीतली मूळ डीएटी, फोटोग्राफरचं मूळ एमपी४, काहीही न बदलता, एका साध्या फिरत्या डिस्कवर. आणि तशीच आणखी एक, दुसऱ्या घरी, पुण्यातल्या भावाकडे किंवा रांजणगावला नोकरीला असलेल्या पुतण्याकडे. एक-दोन टीबी घ्यायची ती इथे घ्या. मोठ्या डिस्कची योग्य जागा ही आहे.

दुकानात जाताना प्लेयर पिशवीत घालून न्यावा. दुकानदाराच्या टीव्हीला जोडून, आपल्याच चित्रणाची एक फाइल त्या डिस्कवरून वाजवून पाहावी, पाच मिनिटं पुढे-मागे पळवून, एकदा बंद करून पुन्हा चालू करून. बंद अवस्थेतून डिस्क उचलली तर पैसे द्यावेत. आणि शिक्रापूर-कोरेगाव पट्ट्यात लग्नाचं, सप्ताहाचं चित्रण करणाऱ्या फोटोग्राफर मंडळींकडे माझं एक जाहीर मागणं आहे: सुपारी घेतानाच विचारा, घरी पाहणार कशावर? प्लेयर असेल तर एमपी४ च्या जोडीला चार जीबीच्या आतले एमपीईजी-२ चे तुकडे त्याच पेन ड्राइव्हवर, वेगळ्या फोल्डरमध्ये, क्रमाने भरून द्या. तुमच्या संगणकाचा तासाभराचा वेळ जाईल, त्याचे पैसे मागा, लोक देतील.